शोधनिबंधातील 'मे', 'सजेस्ट' आणि 'डिसॅग्री': अनिश्चितता किती दाखवावी, मतभेद कसा नोंदवावा

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. रब्बी कांद्याला गंधक दिल्यास चाळीतील, म्हणजे कांदा साठवण्याच्या शेडमधील, घट कमी होते का, यावर आपण इंग्रजीत शोधनिबंध लिहिला. पहिल्या मसुद्यात 'इट इज क्लिअरली प्रूव्ह्ड दॅट सल्फर रिड्यूसेस स्टोरेज लॉस' असे वाक्य होते. त्यावर एका समीक्षकांनी दावा पुराव्यापेक्षा मोठा असल्याचा शेरा दिला. आपण वाक्य बदलून 'सल्फर मे पॉसिब्ली बी एबल टू रिड्यूस स्टोरेज लॉस' असे केले, तेव्हा दुसऱ्या समीक्षकांनी विचारले की या निबंधाचे नेमके म्हणणे तरी काय आहे. शिवाय, घट कमी होण्याचे कारण गंधक नसून कांद्याची सुकवणी असावी, असे या दुसऱ्या समीक्षकांनी सुचवले आहे. ते आपल्याला पटत नाही, आणि न पटल्याचे उद्धट न वाटता कसे लिहावे, अशी आपली दुसरी विचारणा आहे.

संशोधकांची इंग्रजी हस्तलिखिते संपादित करणे हेच माझे रोजचे काम असल्याने मी निःसंकोचपणे सांगतो की दोन्ही समीक्षकांचे म्हणणे बरोबर आहे आणि त्यांच्यात विरोध नाही. आपण अनिश्चिततेकडे वाक्याचा सूर म्हणून पाहिले. पहिला सूर ठाम वाटला म्हणून तो नरम केला. वाचक मात्र 'मे' किंवा 'सजेस्ट' हे शब्द नम्रता म्हणून वाचत नाही, तो ते माहिती म्हणून वाचतो. लेखकाला कुठपर्यंत ठाऊक आहे आणि कुठून पुढे त्याचा तर्क सुरू होतो, ही ती माहिती. आपल्या पहिल्या वाक्यात ही सीमारेषा नव्हती आणि दुसऱ्यातही ती नाही. म्हणून योग्य शब्दांची यादी पाठ करण्याआधी ती रेषा आपल्या स्वतःच्या कामात कुठे पडते, हे ठरवावे लागेल.

यातील बरेचसे विषयावर आणि शोधपत्रिकेवर अवलंबून आहे. गणितात 'प्रूव्ह' हा नेहमीचा आणि अचूक शब्द आहे, तर शेतीविज्ञानात किंवा वैद्यकात तो जवळजवळ कधीच वापरू नये. इतिहासात आणि समाजशास्त्रात 'आय आर्ग्यू दॅट' हे वाक्य प्रतिष्ठेचे मानले जाते. आपले विद्यार्थी 'आर्ग्यू' म्हणजे भांडणे समजून ते टाळतात, आणि त्यामुळे निबंधात प्रतिपादनच उरत नाही. काही शोधपत्रिका 'वुई' चालवून घेतात, काही घेत नाहीत. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते आपल्यासारख्या प्रायोगिक निबंधासाठी आहे, आणि आपल्या शोधपत्रिकेतील अलीकडचे चार-दोन निबंध समोर ठेवून ते पडताळून पाहावे.

आपल्याच वाक्यापासून सुरुवात करू. 'गंधकाने साठवणुकीतील घट कमी होते' या एका विधानात वास्तविक पाच वेगवेगळी विधाने दडलेली आहेत. पहिले असे की आपल्या प्रयोगात गंधक दिलेल्या वाफ्यांतील कांद्याची घट कमी भरली. हे आपण वजनकाट्यावर पाहिले आहे, त्यात अनिश्चितता नाही. इथे 'मे' लिहिले तर आपण मोजमाप केले की नाही, हीच शंका वाचकाला येईल. दुसरे असे की हा फरक केवळ योगायोगाचा नसावा. याचे उत्तर सांख्यिकीय कसोटी देते, आणि ते आकड्यांत व 'सिग्निफिकंट' या ठरलेल्या शब्दात द्यावे, विशेषणांत नव्हे. तिसरे असे की फरकाचे कारण गंधकच आहे. आपण वाफ्यांची मांडणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, केली होती, म्हणून आपल्या प्रयोगापुरते हे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. केवळ शेतकऱ्यांच्या चाळी पाहून नोंदी केल्या असत्या तर तो नसता. चौथे असे की इतर जमिनींत, इतर वाणांत, इतर वर्षीही असेच घडेल. आपल्याकडे एका ठिकाणचा आणि एका हंगामाचा प्रयोग आहे, तेव्हा खरी अनिश्चितता इथे सुरू होते. पाचवे असे की हे का घडते. आपण मसुद्यात लिहिले आहे की गंधकामुळे कांद्याची मान (पातीकडचा निमुळता भाग) बारीक राहते व म्हणून कांदा कमी सडतो. पण मानेची जाडी आपण मोजलेली नाही. हा निव्वळ तर्क आहे, आणि 'मे'ची खरी जागा हीच.

आता हे इंग्रजीत उतरवताना पहिले साधन क्रियापदाचा काळ आहे, आणि त्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. 'सल्फर रिड्यूस्ड स्टोरेज लॉस' हे भूतकाळातील वाक्य आपल्या प्रयोगापुरते बोलते. 'सल्फर रिड्यूसेस स्टोरेज लॉस' हे साध्या वर्तमानकाळातील वाक्य सर्व काळासाठी आणि सर्व ठिकाणांसाठी बोलते. पहिल्या समीक्षकांना खटकलेल्या गोष्टींत 'क्लिअरली प्रूव्ह्ड' इतकाच हा वर्तमानकाळही होता, असे मला वाटते. केवळ एक काळ बदलल्याने दावा पुराव्याच्या मापाचा होतो आणि वाक्य तितकेच ठाम राहते. दुसरे साधन व्याप्ती मर्यादित करण्याचे: 'इन दिस ट्रायल', 'अंडर ड्रिप इरिगेशन', 'इन ब्लॅक सॉइल', 'ओव्हर फोर मंथ्स ऑफ स्टोरेज'. जिथे व्याप्ती सांगून काम भागते तिथे शंकादर्शक शब्द वापरू नये, असा माझा स्पष्ट आग्रह आहे, कारण व्याप्ती वाचकाला काहीतरी ठोस देते. 'मे' फक्त सावध करते, पण कशापासून सावध राहायचे ते सांगत नाही.

तिसरे साधन म्हणजे निष्कर्ष पुराव्याशी जोडणारी क्रियापदे. त्यांना एक चढता क्रम आहे. 'सजेस्ट' म्हणजे पुरावा त्या दिशेने बोट दाखवतो, पण इतर स्पष्टीकरणे अजून उभी आहेत. 'इंडिकेट' त्याहून थोडे वरचे. 'शो' म्हणजे पुरावा पाहणाऱ्याला दुसरा निष्कर्ष काढणे कठीण आहे. 'डेमॉन्स्ट्रेट' म्हणजे ते पद्धतशीरपणे दाखवून दिले आहे. 'प्रूव्ह' त्याहूनही वर, आणि आपल्या क्षेत्रात रिकामेच ठेवण्याचे स्थान. या क्रियापदांचा कर्ता बहुधा 'डेटा' किंवा 'रिझल्ट्स' असतो, आणि त्यामुळे तर्क आपल्या इच्छेतून नव्हे तर मोजमापातून आल्याचे वाक्याच्या रचनेतच दिसते. 'ऑब्व्हिअसली', 'अन्डाउटेडली', 'इट इज वेल नोन दॅट' हे शब्द मात्र पुराव्याच्या जागी येऊन बसतात. मी ते दिसताच काढतो आणि त्या जागी संदर्भ किंवा आकडा मागतो.

एका वाक्यात असा एकच शब्द असावा. आपल्या सुधारित वाक्यात 'मे', 'पॉसिब्ली' आणि 'बी एबल टू' असे तीन आहेत. तिन्ही एकाच गोष्टीवर शंका घेत असल्यामुळे वाचकाला वाटते की लेखकाने प्रयोगच केलेला नाही. दोन शब्द तेव्हाच चालतात जेव्हा ते दोन वेगळ्या गोष्टींविषयी असतात. 'रिझल्ट्स सजेस्ट दॅट सल्फर कॅन रिड्यूस लॉस' या वाक्यात 'सजेस्ट' पुराव्याच्या बळाविषयी आहे आणि 'कॅन' गंधकाच्या क्षमतेविषयी, म्हणून ते योग्य आहे.

मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या हस्तलिखितांत मला वारंवार दिसणाऱ्या काही अडचणींवर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण त्या व्याकरणाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. आपले 'आवे' हे रूप तीन कामे करते. 'रात्री पाऊस पडला असावा' हा तर्क झाला, 'प्रस्तावास मंजुरी मिळावी' ही विनंती झाली आणि 'नमुने सावलीत वाळवावेत' ही सूचना झाली. इंग्रजीत या तिन्हींना वेगळी क्रियापदे लागतात. 'याचे कारण तापमान असावे' हे वाक्य मनात ठेवून आपल्याकडे 'द रीझन शुड बी टेम्परेचर' असे लिहिले जाते. इंग्रजी वाचकाला त्यातून कारण तापमान असायला हवे, नसेल तर काहीतरी चुकले आहे, असा अर्थ लागतो. तिथे 'द रीझन इज प्रॉबेब्ली टेम्परेचर' किंवा 'टेम्परेचर इज अ लाइकली रीझन' हवे.

विनंती आणि सूचना यांचे 'आवे' मात्र आपण 'मे'ने दाखवतो, आणि त्यामागे सरकारी पत्रव्यवहाराची सवय आहे. 'अप्रूव्हल मे बी ग्रँटेड', 'द फाइल मे बी पुट अप', 'इट मे प्लीज बी नोटेड' ही वाक्ये आपल्या कचेऱ्यांत रोज लिहिली जातात आणि तिथे त्यांचा अर्थ सर्वांना कळतो. पण हीच सवय कार्यपद्धतीच्या भागात आली आणि 'सॅम्पल्स मे बी ड्राइड इन शेड' असे लिहिले गेले की परदेशातील समीक्षक विचारतात, नमुने वाळवले की नाहीत? आपल्या निबंधातही असे एक वाक्य आहे. तिथे 'सॅम्पल्स वेअर ड्राइड' एवढेच हवे, कारण ती झालेली गोष्ट आहे. 'असू शकते' या आपल्या एकाच रचनेसाठीही इंग्रजीत 'कॅन' आणि 'मे' असे दोन मार्ग आहेत. ओल्या कांद्याने चाळीत सड वाढते, हे माहीत आहे; ते कधी घडते, कधी नाही, तिथे 'कॅन'. या वर्षीची सड ओलाव्यामुळे झाली का हे ठाऊक नाही, तिथे 'मे'. 'माइट' आणि 'कुड' त्याहून किंचित दूरची शक्यता दाखवतात, पण हा फरक लेखकागणिक बदलतो आणि त्यावर फार वेळ घालवू नये.

आणखी एक शब्द 'डाउट'. मराठीत 'मला एक शंका आहे' म्हणजे मला काही विचारायचे आहे. 'वुई हॅव अ डाउट अबाउट द रिव्ह्यूअर्स कमेंट' असे लिहिले तर मात्र आमचा त्या टिप्पणीवर विश्वास नाही, असा त्याचा अर्थ होतो. समीक्षकांना पाठवायच्या उत्तरात हा शब्द टाळून 'वुई वुड बी ग्रेटफुल फॉर क्लॅरिफिकेशन' असे लिहावे.

शब्दांनी शक्यता सांगितली तरी ती ऐकणाऱ्याला तितकीच पोहोचेल, अशी खात्री नसते. याचे गाजलेले उदाहरण अमेरिकी गुप्तचर विश्लेषक शेर्मन केंट यांनी १९६४ मध्ये लिहून ठेवले आहे. १९५१ मध्ये त्यांच्या मंडळाने युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' असल्याचा अहवाल दिला होता. परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने त्याचा अर्थ विचारला तेव्हा केंट यांनी आपल्या मनात ६५ विरुद्ध ३५ असे प्रमाण असल्याचे सांगितले, आणि तो अधिकारी चकित झाला, कारण त्याने ते बरेच कमी समजले होते. मग केंट यांनी अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारले. एकाच शब्दप्रयोगावर सहमत झालेल्या त्या मंडळींच्या मनातील आकडे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले. त्यांचे एकमत शब्दापुरतेच होते.

म्हणून काही संस्था शब्दांना आकडे जोडून देतात. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालांत 'लाइकली' म्हणजे ६६ ते १०० टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० ते १०० टक्के आणि 'एक्स्ट्रीमली लाइकली' म्हणजे ९५ ते १०० टक्के. तापमानवाढीतील माणसाच्या वाट्याविषयी त्यांची भाषा २००१ मध्ये 'लाइकली', २००७ मध्ये 'व्हेरी लाइकली', २०१३ मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइकली' अशी चढत गेली, आणि २०२१ मध्ये माणसाच्या प्रभावाने वातावरण, समुद्र व जमीन तापल्याचे 'अनइक्विव्होकल', म्हणजे निर्विवाद, म्हटले गेले. पुरावा वाढला तसा शब्द बदलला, त्याआधी नाही. पण भारतीय हवामान खात्याच्या बुलेटिनमधील तक्ता पाहिला तर तिथे 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के, 'व्हेरी लाइकली' ५० ते ७५ आणि 'मोस्ट लाइकली' ७५ टक्क्यांहून अधिक. एकाच शब्दाची दोन मापे आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी रीतसर जाहीर केलेली आहेत. आपल्या निबंधाच्या चर्चेत आपण पावसाच्या अंदाजाचा आणि हवामानबदलाच्या अहवालाचा असा दोन्हींचा उल्लेख केला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. 'लाइकली' कुणाच्या अर्थाने वापरला आहे ते तिथे लिहावे लागेल. आपल्या स्वतःच्या निष्कर्षासाठी तर शक्य तिथे आकडाच द्यावा. फरक किती, त्याचा विश्वास-अंतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा ते अंतर) किती, हे दिले की 'काइंड ऑफ', 'सम एक्स्टेंट', 'क्वाइट' अशा शब्दांची गरजच राहत नाही.

आयपीसीसीच्या २०१० च्या मार्गदर्शक टिपणातील आणखी एक गोष्ट आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे नेते. तिथे 'लाइकली'च्या जोडीला 'कॉन्फिडन्स' असे वेगळे माप आहे, आणि ते दोन गोष्टींवरून ठरते: पुरावा किती व कसा आहे, आणि जाणकारांमध्ये एकमत किती आहे. म्हणजे मतभेद हीसुद्धा नोंदवण्याजोगी माहिती मानली आहे. मतभेद दडवला तर वाचकाची तितकीच दिशाभूल होते जितकी अनिश्चितता दडवल्याने होते.

मतभेदाकडे वळण्याआधी एक राहिलेला मुद्दा. आपल्या तक्त्यात गंधकाचा कांद्याच्या कोंब फुटण्यावर परिणाम आढळला नाही, आणि आपण 'सल्फर हॅज नो इफेक्ट ऑन स्प्राउटिंग' असे लिहिले आहे. हे वाक्य 'क्लिअरली प्रूव्ह्ड'इतकेच मोठे आहे, फक्त नकारार्थी असल्याने ते खटकत नाही. फरक आढळला नाही याची दोन कारणे असू शकतात: फरक नाहीच, किंवा तो दिसण्याइतके नमुने नव्हते. १९९५ मध्ये डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच मुद्द्यावर एक छोटे टिपण लिहिले: पुराव्याचा अभाव म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे. आपल्याकडील कायद्याला ही जाण फार जुनी आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात 'प्रूव्ह्ड' (सिद्ध), 'डिसप्रूव्ह्ड' (खोटे ठरलेले) आणि 'नॉट प्रूव्ह्ड' (यांपैकी काहीच न ठरलेले) अशा तीन वेगळ्या व्याख्या दिल्या होत्या, दोन नव्हे. आपले कोंबांविषयीचे विधान तिसऱ्या प्रकारचे आहे, म्हणून 'वुई फाउंड नो एव्हिडन्स ऑफ ॲन इफेक्ट ऑन स्प्राउटिंग' असे लिहावे, आणि नमुन्यांची संख्या त्याच वाक्यात द्यावी.

आता मतभेद. आधी इतरांच्या कामाचा उल्लेख करताना आपण कोणती क्रियापदे वापरता ते पाहा, कारण मतभेदाची सुरुवात तिथेच होते. 'क्लेम' लिहिले की आपल्याला ते पटलेले नाही हे सांगून झाले. 'पॉइंट आउट' किंवा 'शो' लिहिले की ते आपण मान्य केले. 'रिपोर्ट' आणि 'फाइंड' तटस्थ आहेत. आपल्या प्रस्तावनेत सर्वच आधीच्या संशोधकांसाठी 'क्लेम्ड' आले आहे, बहुधा केवळ 'म्हटले आहे' या अर्थाने, पण इंग्रजी वाचकाला आपण एकजात सर्वांवर अविश्वास दाखवत आहात असे वाटेल. आणि पुढे ज्या एका निबंधाशी आपला खरोखर मतभेद आहे, तो या गर्दीत हरवतो.

मतभेद कसा लिहावा याचा नमुना म्हणून मी नेहमी एकच परिच्छेद वाचायला देतो. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक या शास्त्रज्ञांनी डीएनएची रचना मांडली. सुरुवातीलाच ते म्हणतात की ते एक रचना 'सजेस्ट' करू इच्छितात. त्यांच्याआधी लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी तीन साखळ्यांची रचना मांडली होती, आणि पॉलिंग तेव्हा जगातील अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञांपैकी एक होते. त्यांच्याविषयी लिहिताना हे दोघे आधी सांगतात की पॉलिंग व कोरी यांनी आपले हस्तलिखित प्रसिद्धीपूर्वी वाचायला दिले. मग त्यांच्या रचनेत काय आहे, ते सरळ शब्दांत सांगतात. त्यानंतर म्हणतात, 'इन अवर ओपिनियन' ही रचना दोन कारणांनी असमाधानकारक आहे.

ती दोन कारणे बारकाईने वाचण्यासारखी आहेत. क्ष-किरण चित्रे ज्या पदार्थाची आहेत तो मुक्त आम्ल नसून त्याचा क्षार आहे, असे ते म्हणतात, आणि इथे 'वुई बिलीव्ह' आहे, कारण तो त्यांचा तर्क आहे. आम्लातील हायड्रोजन नसतील तर ही रचना कोणत्या बलाने एकत्र राहील हे 'नॉट क्लिअर' आहे, असे पुढे येते. ती अशक्य आहे असे ते म्हणत नाहीत. पण अक्षाजवळचे ऋणभारित फॉस्फेट एकमेकांना दूर ढकलतील, हे सांगताना कोणताही शंकादर्शक शब्द नाही, सरळ 'विल' आहे, कारण ते सर्वमान्य भौतिकशास्त्र आहे. शेवटी काही अणूंमधील अंतरे फारच कमी 'अपिअर' होतात, म्हणजे तसे दिसते. एवढ्याशा मजकुरात तर्क, प्रश्न, नियम आणि निरीक्षण यांना चार वेगळी रूपे दिली आहेत. मतभेद कोणत्या पायरीवर आहे हे वाचकाला दिसते, आणि पॉलिंग यांच्याविषयी एकही अनादराचा शब्द लागत नाही. त्यांनी लगेच पुढे आणखी एका रचनेबद्दल ती पुरेशी स्पष्ट नसल्याने आम्ही भाष्य करणार नाही असे म्हटले आहे. ती रीत मात्र आपण उचलू नये, कारण त्रुटी नेमक्या न दाखवता बाजूला सारलेले मत वाचकाला तपासता येत नाही.

आपल्या समीक्षकांना उत्तर देतानाही हीच पद्धत उपयोगी पडेल. ते म्हणतात की सुकवणीमुळे घट कमी झाली असावी. आपण मला कळवल्याप्रमाणे सर्व वाफ्यांतील कांदा एकाच दिवशी काढून एकाच सावलीत सुकवला होता. मग मतभेद कुठे आहे ते नेमके पाहा. सुकवणीचा एकूण घटीवर परिणाम होतो, हे आपल्यालाही मान्य आहे. सुकवणी सर्वांना सारखीच मिळाली असल्याने वाफ्यावाफ्यांतील फरकाचे ती कारण असण्याची शक्यता कमी आहे, एवढाच आपला मुद्दा आहे. म्हणून उत्तर 'वुई अग्री दॅट क्युअरिंग अफेक्ट्स स्टोरेज लॉस' असे सुरू करावे, कारण ते खरे आहे. केवळ गोड सुरुवात म्हणून नव्हे. पुढे 'हाउएव्हर, ऑल प्लॉट्स वेअर क्युअर्ड टुगेदर' ही वस्तुस्थिती, शंकादर्शक शब्दाशिवाय. आणि मग निष्कर्ष: 'क्युअरिंग इज देअरफोर अनलाइकली टू एक्स्प्लेन द डिफरन्स'. इथे 'अनलाइकली' का, 'कॅनॉट' का नाही? कारण गंधक दिलेल्या कांद्याची मान बारीक असेल तर तो त्याच सावलीत लवकर सुकला असण्याची शक्यता उरते, आणि आपण मान मोजलेली नाही. ही शक्यता आपणच त्यांच्यापुढे मांडावी. समीक्षकांच्या सूचनेतील जो भाग टिकतो तो मान्य केला की उरलेल्या भागाला दिलेला नकार अधिक विश्वासार्ह होतो.

'विथ ड्यू रिस्पेक्ट' हा शब्दप्रयोग आपण मसुद्यात वापरला आहे, तो काढा. न्यायालयात त्याला रीतीचे स्थान आहे, पण लेखी वादात अनेक इंग्रजी वाचकांना तो पुढे येणाऱ्या फटकाऱ्याची सूचना वाटतो. 'द रिव्ह्यूअर हॅज मिसअंडरस्टूड' हेही नको. समीक्षकांनी सुकवणीचा मुद्दा काढला कारण सर्व कांदा एकत्र सुकवल्याचे वाक्य निबंधात नाही, ते फक्त आपल्या वहीत आहे. तेव्हा 'धिस वॉज नॉट क्लिअर इन अवर मॅन्युस्क्रिप्ट' असे म्हणून ते वाक्य कार्यपद्धतीत घालावे आणि ओळ क्रमांक कळवावा. 'वुई रिस्पेक्टफुली डिसॅग्री' चालते, पण एका उत्तरपत्रात एकदाच, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात पुरावा असला पाहिजे. पुरावा नसेल आणि प्रश्न केवळ अर्थ लावण्याचा असेल, तर दोन्ही अर्थ निबंधात ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे: 'ॲन ऑल्टरनेटिव्ह एक्स्प्लनेशन इज' अशा वाक्याने समीक्षकांचा अर्थ चर्चेत घ्यावा, आपला अर्थ अधिक का पटतो ते सांगावे, आणि कोणत्या मोजमापाने दोहोंतील निवड करता येईल तेही लिहावे. आपल्या बाबतीत ते मोजमाप मानेची जाडी आहे.

शेवटी शीर्षक आणि सारांश तपासा. शब्दमर्यादा गाठण्यासाठी सारांश छाटताना 'इन दिस ट्रायल' आणि 'वन सीझन' हेच शब्द पहिल्यांदा उडतात, आणि मग चर्चेत मोजून मापून मांडलेला दावा सारांशात पुन्हा सर्व जमिनींना आणि सर्व हंगामांना लागू झालेला दिसतो. आपल्या शीर्षकात सध्या 'सल्फर रिड्यूसेस' असा वर्तमानकाळ आहे. तिथे 'इफेक्ट ऑफ सल्फर ऑन स्टोरेज लॉस इन रबी अनियन' असे साधे शीर्षक ठेवावे, आणि सारांशाचे शेवटचे वाक्य निष्कर्षातील वाक्याशी शब्दशः जुळवून घ्यावे.